पुलाचा चढ आणि एका क्रूझरचे गिअर: प्रकल्प नोंदी

४ नोव्हेंबर

जाऊन-येऊन रोज अठरा किलोमीटर, आणि तेही याच सायकलवर, हे आता पक्कं केलं आहे. सायकल क्रूझर आहे. मागे वळलेलं लांब हँडल, रुंद सीट, पाठ ताठ ठेवून बसायची ठेवण, २६ इंची फुगीर टायर आणि एकच गिअर. पुढे ४४ दात्यांचं चेनव्हील, मागे १८ दात्यांचं स्प्रॉकेट. मागचा ब्रेक पायडल उलटं दाबून लागतो, पुढचा हाताने. सपाट रस्त्यावर मला हिच्याइतकी दुसरी कुठलीच सायकल आवडत नाही. मान अवघडत नाही, मनगटं दुखत नाहीत, रस्ता समोर स्वच्छ दिसतो.

अडचण एकच, पण रोजची. वाटेत एका पुलाचा चढ लागतो. ३५० मीटरमध्ये रस्ता २१ मीटर वर जातो, म्हणजे सरळ ६ टक्के. पाठीमागे सहा किलोची बॅग असते. आज अर्ध्यावर उतरले आणि सायकल ढकलत नेली. मांड्या इतक्या भरून आल्या की वर पोचल्यावरही दोन मिनिटं पायडल मारवेना.

६ नोव्हेंबर

गिअर बदलायचा तर आधी आहे तो नीट मोजायला हवा. टायरवर २६ इंच लिहिलेलं असतं, पण ते नाव आहे, माप नव्हे. रिमवर टायर जिथे बसतो तिथला व्यास ५५९ मिलिमीटर. त्यावर ५४ मिलिमीटर रुंद टायर दोन्ही बाजूंनी धरला की बाहेरचा व्यास ६६७ च्या आसपास जातो. शिवाय वर माणूस बसलं की टायर दबतो, म्हणून मोजायचं ते बसूनच.

व्हॉल्व्ह बरोबर खाली आणला, त्याच्या रेषेत फरशीवर खडूने खूण केली, सीटवर बसले आणि भिंतीला हात लावून हळूहळू पुढे गेले. व्हॉल्व्ह पुन्हा खाली आला तिथे दुसरी खूण. तीनदा मोजलं, तिन्ही वेळा २.०६ मीटरच भरलं.

४४ भागिले १८ म्हणजे २.४४. त्याला २.०६ ने गुणलं की पायडलच्या एका फेरीत सायकल ५.०४ मीटर जाते. जुन्या पद्धतीने सांगायचं तर हा साधारण ६३ ‘इंचांचा’ गिअर. तो आकडा उंच चाकांच्या सायकलींच्या काळातला आहे: तेवढ्या व्यासाच्या चाकाला पायडल थेट जोडलं असतं तर जेवढं अंतर कापलं गेलं असतं, तेवढं. मला मीटर सोयीचे वाटतात, कारण त्यावरून वेग लगेच काढता येतो.

मिनिटाला साठ फेऱ्या मारल्या तर ताशी १८ किलोमीटर. सपाटीवर मी नेमकी एवढीच जाते. म्हणजे कारखान्याने गिअर चुकीचा दिला असं नाही, सपाट रस्त्यासाठी तो अगदी योग्य आहे. चढावर मात्र ताशी ८ च्या वेगाला याच गिअरमध्ये मिनिटाला जेमतेम २६ फेऱ्या होतात.

९ नोव्हेंबर

आजचा हिशोब महत्त्वाचा, म्हणून सविस्तर लिहिते.

मी ६२ किलो, सायकल १९, बॅग ६. एकूण ८७ किलो. ६ टक्के चढावर हे वजन मागे खेचतं ५१ न्यूटन जोराने. टायरच्या घर्षणाचे आठ-नऊ धरले तर ६०. ताशी ८ किलोमीटरला साधारण १३३ वॅट लागतात. अडीच-पावणेतीन मिनिटं एवढी ताकद लावणं मला जमतं. म्हणजे दम कमी पडतोय हे खरं नाही.

अडतं दुसरीकडे. २६ फेऱ्यांमध्ये तेवढे वॅट काढायचे तर १७० मिलिमीटरच्या क्रँकवर (पायडलच्या दांडीवर) सरासरी २९ किलोचा दाब द्यावा लागतो. आणि हा दाब सारखा नसतो. क्रँक उभा असताना जवळजवळ शून्य, आडवा असताना सरासरीच्या दीडपट-पावणेदोनपट. म्हणजे प्रत्येक फेरीत दोनदा, बसल्याबसल्या, पन्नास किलोच्या आसपास. माझं अख्खं वजनच ६२.

रेसरवर पुढे वाकून किंवा उभं राहून हे करता येतं. हँडल हाताने वर ओढायचं आणि शरीराचा भार पायडलवर सोडायचा. क्रूझरवर उभं राहिलं की हँडल गुडघ्यांना लागतं, भार मागच्या चाकावर जातो आणि ओढायला समोर काही नसतं. ताठ बसणाऱ्याला जास्तीत जास्त दाब कमीच देता येतो. म्हणून क्रूझरला, विशेषतः रोजच्या वापरातल्या क्रूझरला, खालचा गिअर इतर सायकलींपेक्षा हलका हवा. वरच्या गिअरची तितकी काळजी नको, कारण ताठ बसल्यावर ताशी २५ च्या पुढे बहुतेक ताकद वारा कापण्यातच जाते.

त्यामुळे पहिला गिअर चढावरून ठरवायचा, बाकीचे त्याच्या मागून येतील. मला ताशी ८ ला किमान ५० फेऱ्या हव्यात, म्हणजे एका फेरीत २.६ मीटर. आत्ताच्या जवळपास निम्मं.

१२ नोव्हेंबर

मोठं काही करण्याआधी साधा उपाय करून बघायचा म्हणून मागचं १८ चं स्प्रॉकेट काढून २२ चं बसवलं. उलट पायडलच्या ब्रेकच्या हबवर, म्हणजे चाकाच्या मधल्या भागावर, ते तीन खाचांवर बसतं आणि एका सर्क्लिपने (स्प्रिंगसारख्या कडीने) अडकतं. स्क्रू-ड्रायव्हरने सर्क्लिप उचलताना डोळ्यांवर चष्मा हवाच, ती सुटली की गोळीसारखी जाते.

चेन तीच वापरायची होती. चार दाते वाढले की चेनला दोन कड्यांची लांबी जास्त लागते. ती द्यायची नसेल तर चाक एका कडीच्या अंतराने पुढे यायला हवं, म्हणजे १२.७ मिलिमीटर. माझ्या फ्रेमची मागची खाच आडवी आणि लांब आहे, चाक पुढे सरकलं आणि चेन बरोबर ताणली गेली. पण मडगार्ड आणि टायर यांच्यात बोटभर फट होती ती अर्ध्या बोटावर आली, आणि ब्रेकच्या दांडीचा क्लॅम्पही पुढे घ्यावा लागला. तो क्लॅम्प घट्ट केल्याशिवाय सायकल रस्त्यावर आणायची नाही. ब्रेक लागताना सगळा पीळ तीच दांडी फ्रेमवर घेते.

आता ४४ × २२, म्हणजे बरोबर दुप्पट. एका फेरीत ४.१२ मीटर.

२३ नोव्हेंबर

दहा दिवस चालवली. पूल उतरल्याशिवाय पार होतो, पण शेवटचे शंभर मीटर कसेबसे. ३२ फेऱ्या हा अजूनही ढकलण्याचाच प्रकार. आणि सपाटीवर ताशी २२ ला ८९ फेऱ्या माराव्या लागतात. रुंद सीटवर एवढ्या वेगाने पाय फिरवले की मांड्या घासतात आणि बूड उडतं. सकाळी वाऱ्याच्या दिशेने जाताना सायकल अजून पळायला तयार असते आणि पाय संपलेले असतात.

माझ्या रस्त्याला एक गिअर पुरणार नाही. रस्ता सपाट असता तर मी ४४ × २० वर थांबले असते आणि वर्षानुवर्षं दुसरं काही मागितलं नसतं.

२८ नोव्हेंबर

डिरेलर, म्हणजे चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारी यंत्रणा, नको. माझ्या फ्रेमला तो अडकवायला लागणारा हँगर नाही, त्याच्यासोबत उलट पायडलचा ब्रेक चालत नाही, आणि सिग्नलला थांबल्यावर गिअर बदलता येत नाही. हे शेवटचं कारण माझ्यासाठी सगळ्यात मोठं. वरच्या गिअरमध्ये अचानक थांबावं लागलं की पुन्हा निघताना होणारी ओढाताण मी दुसऱ्या सायकलवर भरपूर सोसली आहे. हबच्या आतले गिअर उभ्या-उभ्या बदलतात. चेन एकाच रेषेत राहते, तिला पूर्ण झाकणही घालता येतं. चांगल्या, स्वच्छ डिरेलरपेक्षा हब थोडी ताकद खातो हे खरं, पण रोज चेन पुसायला वेळ नसणाऱ्याकडे डिरेलर स्वच्छ राहतच नाही.

मग तीन की सात?

तीन गिअरच्या हबबद्दल मला मनापासून आदर आहे. स्टर्मी-आर्चर कंपनीचा एडब्ल्यू हब १९३६ मध्ये आला. खालचा गिअर पाऊण पट, मधला जसाच्या तसा, वरचा एक आणि एक तृतीयांश पट. आत चार-पाच मुख्य भाग, तेल घालत राहिलं तर पिढ्यान् पिढ्या चालतो. शिमानोच्या नेक्सस ३ मध्ये हेच प्रमाण ०.७३३, १ आणि १.३६४ असं आहे. ४४ × २२ धरून पहिल्या गिअरमध्ये ३ मीटर मिळतात, चढावर ४४ फेऱ्या. चालून जाईल. पण गिअरांमधली पायरी ३६ टक्क्यांची. समोरून वारा असला की एक गिअर जड आणि दुसरा हलका, अशी कुचंबणा होते.

शिमानोच्याच सात गिअरच्या हबमध्ये खालून वर ०.६३२, ०.७४१, ०.८४३, ०.९८९, १.१४५, १.३३५ आणि १.५४५. पायऱ्या १४ ते १७ टक्क्यांच्या, एकूण पल्ला २४४ टक्के, म्हणजे वरचा गिअर खालच्याच्या २.४४ पट. त्याच ४४ × २२ वर पहिल्यात २.६० मीटर, सातव्यात ६.३७. चढावर ५१ फेऱ्या. वाऱ्यासोबत ताशी २४ ला सातव्यात ६३. मला हवं होतं ते दोन्हीकडे मिळतंय, शिवाय पायडलवरचा सरासरी दाब २९ वरून १५ किलोवर येतो.

आठ गिअरचा पल्ला ३०७ टक्के आहे, पण माझ्या चढाला त्याची गरज नाही.

एक गोष्ट जपायची. अशा हबला स्प्रॉकेटमधून किती पीळ द्यायचा याला मर्यादा असते. चेनव्हील फार लहान आणि स्प्रॉकेट फार मोठं केलं की आतल्या दातेरी चक्रांवर ताण वाढतो. दुपटीचं प्रमाण सुरक्षित आहे. आणि बारा तारखेला घेतलेलं २२ चं स्प्रॉकेट त्याच तीन खाचांवर नव्या हबवरही बसतं, म्हणजे ते वाया गेलं नाही.

सात ठरला. उलट पायडलच्या ब्रेकसकट.

३ डिसेंबर

चाकं. हब बदलायचा म्हणजे मागचं चाक नव्याने विणायचंच, मग पुढचंही करून टाकावं.

७०० सी मापाची मोठी चाकं लावायचा मोह झाला होता. रिमचा व्यास ६२२, टायर ३५ चा, बाहेरून ६९२ मिलिमीटर. फ्रेममध्ये ओढूनताणून बसलं असतं, पण मडगार्डसाठी जागा उरली नसती आणि क्रँक साडेबारा मिलिमीटर वर गेला असता. क्रूझरवर बसून जमिनीला पाय टेकतात हे सुख मला घालवायचं नाही. शिवाय चाक मोठं झालं की प्रत्येक गिअर आपोआप पावणेचार टक्के जड होतो. चाक आणि गिअर वेगवेगळे ठरवताच येत नाहीत. आणि मुख्य म्हणजे फुगीर टायर गेला की क्रूझर उरतेच काय? अमेरिकेत श्विन कंपनीने १९३३ मध्ये २६ × २.१२५ चा बलून टायर आणला तो खराब रस्ते सोसण्यासाठीच. माझ्या रस्त्यावर खड्डे आहेत, आणि या सायकलला सस्पेन्शन म्हणून फक्त टायरमधली हवा आहे.

तर ५५९ चाच रिम, पण स्टीलचा नाही. जुन्या क्रोमच्या रिमवर पावसात पुढचा ब्रेक दाबला तर रबर नुसतं घसरत राहतं. दुहेरी भिंतीचा अॅल्युमिनियम रिम, आतून २४ मिलिमीटर रुंद, ३६ भोकं. टायर ५०-५५९, गुळगुळीत पण जाड कवचाचा, बाजूला परावर्तक पट्टी.

पुढे ७० मिलिमीटर ड्रम ब्रेकचा हब. पावसाचा त्याला फरक पडत नाही. पुढचा ब्रेक कामाचा असणं इथे चैनीचं नाही: चेन तुटली किंवा पडली की उलट पायडलचा ब्रेक त्याच क्षणी जातो. लांब उतारावर तो तापतोही. १९७६ मध्ये कॅलिफोर्नियातल्या मरिन काउंटीत जुन्या बलून टायरच्या सायकली डोंगरावरून सोडायच्या शर्यती सुरू झाल्या, तेव्हा खाली येईपर्यंत हबमधलं ग्रीस जळून जायचं आणि ते पुन्हा भरावं लागायचं. त्यावरून त्या शर्यतीचं नावच ‘रीपॅक’ पडलं. माझा उतार ३५० मीटरचा, पण भार दोन ब्रेकांवर वाटलेला बरा.

१० डिसेंबर

नव्या हबची रुंदी नटापासून नटापर्यंत १२७ मिलिमीटर. फ्रेमचा मागचा गाळा ११८. फ्रेम स्टीलची आहे म्हणून रुंद करता येते; अॅल्युमिनियमची असती तर हात लावला नसता.

एक बाजू ताणली, मग दुसरी. स्टील परत मागे येतं, म्हणून हव्यापेक्षा जास्त ताणून सोडायचं आणि दर वेळी मोजायचं. दोन्ही बाजू सारख्या उघडल्या का हे धाग्याने कळतं. मागच्या एका खाचेपासून धागा निघतो, पुढे हँडलच्या नळीला वळसा घालून दुसऱ्या खाचेत येतो. सीटच्या नळीपासून धाग्याचं अंतर दोन्हीकडे सारखं हवं.

“बाबा, धागा ढिला सोडू नका, मी मोजतेय.”

“सोडलेला नाही. तूच पट्टी तिरकी धरलीयस.”

पट्टी खरोखर तिरकी होती. सरळ धरून मोजलं तर डावीकडे २९, उजवीकडे ३२. उजवी बाजू जास्त उघडली होती. तिला हळूच आत घेतलं, डावी थोडी आणखी बाहेर काढली. दीड तासाने दोन्हीकडे साडेतीस आणि गाळा १२७. मग खाचांचे पत्रे एकमेकांना समांतर आहेत ना तेही पाहिलं, नाहीतर नट आवळताना अॅक्सल वाकतो.

१४ डिसेंबर

मागचं चाक विणलं. या हबची कडा खूप मोठी आहे, भोकांच्या वर्तुळाचा व्यास ९२ मिलिमीटर भरला. त्यामुळे नेहमीसारखी प्रत्येक स्पोक तीन स्पोकना छेदून नेली तर ती निपलमध्ये (रिमवरच्या बारक्या नटात) फार तिरकी शिरते, तिथे वाकते आणि कालांतराने तिथेच तुटते. दोन छेदांवर थांबले. लांबी २३६ मिलिमीटर, जाडी २. स्वस्त क्रूझरमध्ये येतात त्या जाड्या स्पोक घेतल्या नाहीत, त्या ताणल्याच जात नाहीत, नुसत्या ढिल्या राहून कुरकुरतात. स्पोकची ताकद तिच्या जाडीपेक्षा ताणात असते.

एक सुख इथे कळलं. डिरेलरच्या चाकात उजवीकडे सात-आठ चक्रं मावावीत म्हणून रिम एका बाजूला सरकवावा लागतो आणि डावीकडच्या स्पोक ढिल्या पडतात. इथे मागे एकच चक्र. दोन्ही बाजूंचा ताण जवळपास सारखा आला, बोटाने छेडल्यावर सूरही सारखा.

१५ डिसेंबर

चाकाचा आउट, म्हणजे फिरतानाचं डुलणं, काढला. आडवा अर्धा मिलिमीटर राहिला, उभा त्याहून थोडा जास्त. मग समांतर स्पोकच्या जोड्या मुठीत धरून जोरात दाबल्या. कडकड आवाज येऊन पीळ मोकळा झाला, आउट पुन्हा थोडा आला, पुन्हा काढला. हे दोनदा केल्यावर तिसऱ्या वेळी आवाज आला नाही. पुढचं चाक संध्याकाळी झालं, तीन छेदांचं. ब्रेक हबमध्ये असल्यामुळे थांबवण्याचा सगळा पीळ स्पोकमधून रिमकडे जातो, तिथे सरळ स्पोक चालत नाहीत.

२० डिसेंबर

सगळं चढवलं. अॅक्सलच्या दोन्ही बाजूंना दातेरी वायसर येतात, ते अॅक्सलला फिरू देत नाहीत. फ्रेमची खाच आडवी की उभी, त्यानुसार वायसर वेगळे आणि त्यांचे रंगही वेगळे. हबसोबत आलेले वायसर उभ्या खाचेचे निघाले. एक दिवस थांबले, योग्य जोडी मिळवली. चुकीचे लावून भागवलं असतं तर पहिल्याच जोरात अॅक्सल फिरून केबल ओढली गेली असती.

केबल लावताना गिअर चौथ्यावर ठेवायचा आणि हबवरच्या दोन रंगीत खुणा एका रेषेत आणायच्या. बास, एवढीच जुळवणी.

नव्या चाकाचा परीघ २.०५ मीटर. एक सेंटिमीटरचा फरक, धरण्यासारखा नाही.

२२ डिसेंबर

पूल. पायथ्याशी तिसरा, पंचवीस मीटरवर दुसरा, मग पहिला. बसून, पाठ ताठ, बॅगेसकट. वेग सारखा आठच होता. श्वास लागला, पण मांड्या शांत होत्या. वर पोचल्यावर थांबावंसं वाटलं नाही, तसाच पाचवा टाकला आणि उतारावर सोडली. मी हसत होते हे समोरून येणाऱ्या एका काकांच्या चेहऱ्यावरून कळलं, तेही हसले.

२ जानेवारी

पाचव्या गिअरमध्ये जोर दिला की पाय एकदम रिकामा जातो, मग ‘टक्’ होऊन धरतो. दोन दिवस हेच. हब बिघडला असं मनात येऊन रात्री नीट झोप लागली नाही. सकाळी चौथ्यावर ठेवून खुणा पाहिल्या: अर्ध्या रेषेइतक्या सरकलेल्या. नवी केबल पहिल्या काही दिवसांत बसते, तेवढी ढिली पडली होती. अॅडजस्टरचा अर्धा आटा फिरवला, पहिल्यावर नेऊन परत चौथ्यावर आणलं, खुणा जुळल्या. घसरणं बंद. अशा घसरत्या हबवर जोर देत राहिलं तर आतले दाते झिजतात, म्हणून घसरला की त्याच दिवशी खुणा बघायच्या.

गिअर बदलताना पायाचा जोर क्षणभर सोडायचा, याचीही आता सवय लागली आहे.

१८ जानेवारी

हवेचे प्रयोग. सुरुवातीला दोन्ही टायरमध्ये ६० पीएसआय भरत होते, घट्ट म्हणजे हलकं चालेल असं समजून. खड्ड्यांच्या पट्ट्यात सायकल नाचत होती आणि उलट वेगच कमी होत होता. टायरने गिळायचा धक्का माझ्या अंगाला आणि बॅगेला उचलण्यात जात होता. दर तीन दिवसांनी पाचने कमी केलं. मागे ४०, पुढे ३२ वर सगळ्यात चांगली चालते. मागे ३० केल्यावर वळणावर मागचं चाक डुलायला लागलं, म्हणून परत ४०.

२६ जानेवारी

चेन थोडी ताणली आहे. मधोमध बोटाने वर-खाली केली तर दीड सेंटिमीटर हलते, हवी एक. नट सैल केले, चाक दोन मिलिमीटर मागे ओढलं, रिम दोन्ही बाजूंनी मध्ये आहे ना ते पाहिलं, नट आवळले, ब्रेकच्या दांडीचा क्लॅम्प आवळला. मग चौथ्या गिअरच्या खुणा पुन्हा तपासल्या. जुळलेल्या आहेत. पुढच्या ड्रमची केबल अजून लांब सोडलेली आहे, ती उद्या कापायची.